आतली कडी

सुताराने कडी काढून वॉर्डनच्या तळहातावर ठेवली, तेव्हा तिच्या मनात आलं ते एवढंच, की ही किती हलकी आहे. एवढीशी वस्तू, बोटापेक्षा थोडी लांब, अजून चकाकी गेली नव्हती, आणि हिच्यासाठी आपण वर्षानुवर्षं लोकांचे उंबरे झिजवले. सुतार आपल्याच कामावर खूश होता. "बघा, चहा निवेपर्यंत एक निघते," तो म्हणाला, "ऑफिसातून फोन आला की सुरू करतो, संध्याकाळपर्यंत अख्खी इमारत मोकळी. ही आपली नमुन्याला काढून बघितली. त्या बाईच्या खोलीची. तिथे आता कोणी नाहीच ना राहत." मग स्क्रू ड्रायव्हर कमरेच्या पट्ट्यात खोचत त्याने जिन्याजवळच्या दाराकडे हनुवटीने खूण केली. "ती तुमची खोली ना? तिथली राहू दे म्हणाले. तुम्ही स्टाफ." वॉर्डनने कडी त्याच्या हातात परत ठेवली आणि फोन आल्याशिवाय कशाला हात लावू नका म्हणून बजावलं. तळहातावर कडीच्या गारव्याची एक रेघ राहिली होती, ती तिने कपड्याला पुसली, पण गेली नाही, किंवा गेलेली तिला कळली नाही.

सकाळच्या बैठकीत ठराव व्हायचा होता. ठराव कसला, शिक्का मारायचा होता. ठरलं सगळं आधीच होतं. रस्त्यावर राहणाऱ्या बायकांसाठी बांधलेल्या ह्या नव्या इमारतीत, जिथे प्रत्येकीला एक खोली, एक पलंग, एक खिडकी आणि आतून लावायची एक कडी मिळाली होती, तिथे पंधरवड्यापूर्वी एक बाई बंद दाराआड मेली. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळी जरी आणली असती तरी वाचली असती. पेपरात चार ओळी आल्या: आतून कडी असल्याने मदत वेळेवर पोचू शकली नाही. संस्थेच्या समितीला त्या चार ओळी फार लागल्या. आतल्या कड्या काढायच्या, एका खोलीत दोघी ठेवायच्या, आणि रात्री रखवालदारणीने टॉर्च घेऊन फेरी मारायची, असं ठरलं. म्हणजे जिथून निघालो तिथेच परत. ह्यात वॉर्डनचं मत विचारायला कोणी विसरलं नव्हतं. उलट आज तिला मुद्दाम बोलावलं होतं, कारण दार उघडणारी तीच. तिने नुसतं सांगायचं होतं, कडी होती म्हणून उशीर झाला. पोलिसाला तिने तेच सांगितलं होतं, अध्यक्षीणबाईंना तेच, पेपरवाल्याला तेच. आणि ते साफ खोटं होतं. त्या दाराला कडी नव्हतीच लावलेली. तिने नुसता हात लावला आणि दार उघडलं होतं. हे जगात एका माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस आता बस पकडायला आपली पर्स शोधत होतं.

पर्स खुर्चीवरच होती. दिसत असून दिसत नव्हती, अलीकडे तिचं असं होई. आरशात बघून केस सारखे करताना तिला वाटलं, खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न लहान पोरसुद्धा विचारेल: कडी नव्हती, तर मग आदल्या दिवशी तुम्ही आत का गेला नाहीत? आणि त्याचं उत्तर दिलं की ही खोली गेली. नोकरीबरोबर आलेली खोली, नोकरीबरोबरच जायची. ह्या वयात दुसरी नोकरी कोण देतंय, आणि खोली देणारा तर अजून जन्मायचाय. तिने खोलीभर नजर फिरवली. पलंग, त्यावर ताणून घातलेली चादर, कपाट, खिडकीत एक कुंडी. काही म्हणजे काही नव्हतं त्यात, आणि तिचा सगळा जीव त्यात होता.

लोकांना वाटे, वॉर्डनबाई कड्यांच्या मागे एवढ्या हात धुऊन का लागल्या. अध्यक्षीणबाई एकदा चेष्टेने म्हणाल्या होत्या, तुमचं लग्न कडीशीच लावून द्यायला हवं. वॉर्डन हसली होती. तिचं लग्न झालं नव्हतं ते नव्हतंच. आईवडील गेल्यावर ती भावाकडे राहिली, आणि भावाकडे तिला जागा होती ती हॉल आणि न्हाणीघर ह्यांच्या मधल्या बोळात. चांगली जागा होती, वहिनी म्हणे, उन्हाळ्यात गार. दिवसा गादी गुंडाळून कपाटामागे उभी करायची. कोणी न्हाणीघरात जायचं झालं की तिला ओलांडून जाई. भाचे लहान होते तेव्हा उड्या मारून, मोठे झाल्यावर मोबाइलच्या उजेडात, बरोबर आलेले मित्रसुद्धा. कोणी वाईट वागलं नाही. कोणी काही बोललं नाही. वहिनी तर "वन्सं, तुम्ही आहात म्हणून घर चालतंय हो" असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी. पण आपण झोपलेलं दुसऱ्याला दिसतं, आपलं तोंड उघडं पडलेलं, कपडा वर सरकलेला, हे अंगावरून झुरळ जावं तसं तिला वाटे, आणि ती कितीतरी वर्षं कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपली. अजून ती तशीच झोपे. मोठ्या पलंगावर भिंतीला चिकटून. आता तर भावाचंही घर लहान झालं होतं, तो मुलाकडे राहायला गेला होता, आणि तिथे बोळसुद्धा नव्हता.

म्हणून संस्थेच्या जुन्या हॉलमध्ये नोकरीला लागली तेव्हा तिच्या हातात सगळ्यात आधी टॉर्च दिला गेला ह्यावर हसावं की रडावं असं तिला झालं होतं. एका बंद पडलेल्या गोदामाचा तो हॉल. चटया ओळीने टाकलेल्या, एकीचा श्वास दुसरीच्या मानेवर. वॉर्डनने रात्री ओळीओळीतून जायचं, प्रत्येकीच्या तोंडावर उजेड मारायचा आणि मोजायचं. बायका डोळे न उघडताच हात वर करत. काही जणी शिव्या घालत. त्यांतली इस्त्री काही करत नसे, ती फक्त चादर आणखी सारखी करी. तिला सगळे इस्त्रीच म्हणत. आयुष्यभर तिने लोकांचे कपडे इस्त्री केले होते. नवरा गेला, दिरांनी गाळा विकला, आणि ती एका बँकेच्या पायऱ्यांवर येऊन बसली. पण पायरीवरसुद्धा तिची चादर चौकोनी घडी घातलेली असे, कोपऱ्याला कोपरा. हॉलमध्ये तिच्या शेजारच्या चटईवर भोंगा. भोंग्याला आवाज खाली करायचं बटणच देवाने दिलेलं नव्हतं. ती बोलायला लागली की पलीकडच्या रस्त्यावरचे लोक वळून बघत, आणि झोपली की घोरण्याने पत्रा थरथरे. दोघींचं एकमेकींशिवाय पान हलत नसे आणि एकमेकींचं तोंड बघवत नसे, असं त्यांचं होतं. इस्त्री नुसती खोकली तरी भोंगा झोपेतून तिच्या पाठीवर थाप मारी आणि घोरणं पुढे चालू ठेवी.

"बाई, थांबा, मी येते," भोंगाच आता फाटकातून ओरडत आली. पायात चपला, अंगावर धुतलेला स्वेटर, केस पाणी लावून चापून बसवलेले. वॉर्डन फाटकातच थांबली. "तू कुठे?" "मीटिंगला. एवढ्या कड्या काढतात, आम्हाला विचारायला नको का? तुम्ही काही बोलू नका. तुमची नोकरी आहे. तुम्ही नुसत्या उभ्या राहा, मी बोलते." वॉर्डनने तिला परोपरीने सांगून पाहिलं, की तिथे असं कोणालाही आत घेत नाहीत, आणि तिथे हळू बोलावं लागतं. "मी हळूच बोलते," भोंगा म्हणाली, आणि समोरच्या दुकानदाराने मान वर करून पाहिलं. बस आली. भोंगा तिच्या आधी चढली आणि खिडकीची जागा हात पसरून अडवून धरली. "बसा, बाई. वारा खा."

बस हळूहळू चालली होती. दुकानं उघडत होती, शटर वर जाण्याचा आवाज एकामागून एक येत होता, आणि बँकेच्या पायऱ्या आल्या. तिथे आता दुसरीच कोणी बसली होती, पाय पोटाशी घेऊन, पिशवी मांडीवर. भोंग्याने बघितलं, वॉर्डननेही बघितलं, आणि दोघींनी तोंडं समोर केली. ह्या पायऱ्यांवरून इस्त्रीला उठवायला तिला किती खेटे घालावे लागले होते. नवी इमारत झाल्यावरही इस्त्री यायला तयार नव्हती. खोली म्हणजे काय, तिने विचारलं होतं, पुन्हा कोणी विकून टाकेल. तेव्हा वॉर्डनने तिला हाताला धरून नेलं, खोलीत उभं केलं, दार लोटलं आणि म्हणाली, "लाव कडी. मी बाहेर आहे. तू उघडल्याशिवाय मी आत येणार नाही. कोणीच येणार नाही. मीसुद्धा नाही." आणि ती खरंच बाहेर बाकावर बसून राहिली. आतून कडी लागली, निघाली, लागली. मग बराच वेळ काहीच नाही. मग दार उघडलं, आणि इस्त्री म्हणाली, "बरी आहे." त्या दिवशी वॉर्डनला जे वाटलं ते तिला दुसऱ्या कशाने कधी वाटलं नव्हतं. तिने तो नियमच करून टाकला. झाडूवाल्या बाईला, दर आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरणीला, मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलींना तिने तो पाठ करायला लावला: दोनदा टकटक करायचं, थांबायचं, आतून 'ये' आलं तरच आत जायचं, नाहीतर परत फिरायचं. मग कोणीही असो, काहीही असो. टॉर्च तिने स्वतः कपाटाच्या तळाशी टाकला होता.

आणि बायका बदलल्या होत्या, हे खोटं नव्हे. कोणाच्या खिडकीत कुंडी आली, कोणी चोरून आरसा आणला, कोणी दार लावून दिवसभर गाणी म्हणे. इस्त्रीची कडी तर चेष्टेचा विषय झाली. संध्याकाळी जेवून ती खोलीत गेली की कडी लावायची, ओढून बघायची, काढायची, पुन्हा लावायची. पलीकडून भोंगा भिंतीवर थाप मारून ओरडे, "लागली गं, लागली. झोप आता." सगळा मजला हसे. वॉर्डन आपल्या खोलीत ते ऐके, आणि मग आपली कडी लावी.

"माझा एक मुद्दा ऐका," भोंगा बसमध्ये म्हणत होती, आणि पुढच्या दोन बाकांवरचे लोकही ऐकत होते. "कडीने ती मेली हे मान्य. पण कडी नसती तर ती आधी कितीदा मेली असती, हे कोण मोजणार? त्या पायरीवर तिचं काय काय झालंय ते मला माहिताय. तुम्हालाही माहिताय. मी हेच सांगणार." वॉर्डन खिडकीबाहेर बघत हो म्हणाली. इतकं नेमकं तिला स्वतःला बोलता आलं नसतं. पण कडीने ती मेली हे मान्य, इथूनच सुरुवात असेल तर पुढचं कोणी ऐकणार नाही. समितीतली माणसं वाईट नव्हती. त्यांना फक्त एक मेलेली बाई दिसत होती आणि एक कडी दिसत होती, आणि दोन्हींच्या मध्ये उभी असलेली दुसरी बाई दिसत नव्हती.

तो रविवार होता, दुपार. जेवणाची वेळ टळून गेली तरी इस्त्री आली नाही, म्हणून वॉर्डन तिच्या दाराशी गेली. दोनदा टकटक केलं. थांबली. आतून आवाज आला. शब्द नव्हते. बारीक, एकसुरी, थांबत थांबत येणारा आवाज, कण्हल्यासारखा, रडल्यासारखा. तिने कान दाराजवळ नेला. आणि तिला वाटलं, इस्त्री रडते आहे. इतक्या वर्षांत तिने इस्त्रीला रडताना कधी पाहिलं नव्हतं. पायरीवर नाही, हॉलमध्ये नाही, दिरांचं सांगताना नाही. सगळ्यांसमोर कोण रडतं. आता तिला रडायला खोली मिळाली. असं वाटून वॉर्डनला एक प्रकारचा आनंद झाला, हो, आनंदच. ती हलक्या पावलांनी, आपल्या चपलांचा आवाज होऊ न देता, मागे फिरली. जाताना तिने झाडूवाल्या बाईलाही त्या दाराशी थांबू दिलं नाही. "राहू दे तिला," ती म्हणाली होती. किती समजूतदारपणे म्हणाली होती. तो सूर आता तिला आठवला की अंगाला कुसळं टोचल्यासारखं होई.

सोमवारी सकाळी पुन्हा टकटक केलं तेव्हा आत काहीच नव्हतं. ती थांबली. नियमाप्रमाणे थांबली. मग हात आपोआप दारावर गेला, ढकलण्यासाठी नव्हे, टेकायला, आणि दार आत गेलं. कुरकुरलंसुद्धा नाही. इस्त्री पलंगावर नव्हती, खाली होती, दाराच्या बाजूला, एक हात पुढे. पलंगावरची चादर अर्धी ओढलेली. वॉर्डन तिच्याशेजारी बसली, तिचा हात हातात घेतला, आणि तो हात थंड आहे हे कळल्यावरही तिने तो बराच वेळ चोळला. खिडकीतून ऊन येत होतं आणि पलीकडून भोंगा कोणाशी तरी बादलीवरून भांडत होती. मग पोलीस आला, दमलेला, चांगला माणूस. त्याने विचारलं, "दार कसं उघडलंत?" आणि तिच्या तोंडातून निघून गेलं, "कडी होती. फटीतून सुरी घालून सरकवली." विचार करून ती बोलली नव्हती. पण बोलल्यावर स्वयंपाकघरातून एक सुरी आणून तिने दाराजवळच्या टेबलावर ठेवली, ते मात्र विचार करून केलं. तेव्हापासून त्या सुरीने तिने काही चिरलं नव्हतं.

तिने स्वतःची समजूत घालून पाहिली होती. गेलेली काही परत येत नाही. बायका काय, सवय करून घेतील, ह्याहून वाईटाची सवय त्यांना आहे. दोघी दोघी राहिल्या तर सोबतही होईल. हे सगळं खरंही होतं, म्हणून जास्त वाईट. कारण ह्या खऱ्याच्या आड बसून ती रोज संध्याकाळी आपली कडी लावत होती, आणि समितीने ती तिच्याकडे राहू दिली होती, स्टाफ म्हणून. खोट्याचं बक्षीस इतकं हातोहात मिळालेलं तिने पाहिलं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट होती, जिच्याजवळ तिचं मन यायचं आणि फिरायचं. तीन तीनदा ओढून बघणारी इस्त्री, तिने त्या दिवशी कडी का लावली नाही. विसरली असेल, असं वॉर्डन घाईघाईने म्हणे, आणि दुसरं काहीतरी काम काढी.

भोंगा अचानक गप्प झाली होती. ती गप्प झाल्याचंच इतकं नवल, की वॉर्डनने वळून पाहिलं. भोंगा आपल्या स्वेटरचा एक निघालेला धागा बोटाला गुंडाळत होती. "एक सांगू का, बाई," ती म्हणाली. तिच्या मानाने हे कुजबुजणंच होतं. "त्या रविवारी मीपण हाक मारली होती तिला. आतून हं का काय केलं तिने. आदल्या दिवशी आमचं बादलीवरून झालं होतं. मला वाटलं, रुसली. म्हटलं, रूस. किती रुसशील." धागा तुटला. "मग ती गेली ते कळलं, आणि मला कळेना मी काय करू. मी ढकलून का नाही बघितलं? हॉलमध्ये असती तर मी उठवलीच असती की नाही? दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. मग तुम्ही म्हणालात, कडी होती. तेव्हा जीव जरा भांड्यात पडला बघा. ढकलून तरी काय झालं असतं? कडी होती. आता मी तेवढंच म्हणते आणि झोपते." ती हसली. "देवाने तुम्हाला आधी पाठवलं ते बरं केलं. मला नसती निघाली सुरीने."

वॉर्डनने तिचा हात धरला. का धरला हे तिला कळलं नाही. बहुतेक पडू नये म्हणून. हे तिच्या हिशेबातच नव्हतं. तिने आपली खोली एका पारड्यात आणि सगळ्यांच्या कड्या दुसऱ्या पारड्यात टाकून कितीदा पाहिलं होतं, पण भोंग्याची झोप कुठल्या पारड्यात टाकायची हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या खोट्यावर दुसरं कोणी झोपतं आहे, अगदी चटईवर झोपावं तसं. आता गप्प बसलं तर चांगुलपणाच ठरेल. एवढी चांगली सबब तिला अजून मिळाली नव्हती, आणि ती मिळाल्याबरोबर तिला त्या सबबीचीच किळस आली. तिला वाटलं, भोंग्याला पुढच्याच स्टॉपवर उतरवावं. "तू घरी जा," ती म्हणाली, "मी बोलते सगळं. तुझ्या वतीने." "छे," भोंगा म्हणाली, "एवढे केस चापून बसवले ते काय बसमध्ये बसायला?"

ऑफिसच्या त्या लांबट खोलीत टेबलावर पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या. अध्यक्षीणबाईंनी भोंग्याला बघून भुवया उंचावल्या, पण मग स्वतः उठून तिला खुर्ची दिली. भोंगा खुर्चीच्या अगदी काठावर बसली, दोन्ही हात मांडीवर, शाळेत नाव पुकारायची वाट बघावी तशी. वॉर्डनला ते बघवेना. सचिवाने ठराव वाचला. वाचताना 'दुर्दैवी घटना' ह्या शब्दांवर तो थोडा थांबला, मग 'आतील बाजूच्या कड्या' आल्या, मग 'सहनिवास'. "वॉर्डनबाई, तुम्ही फक्त तेवढं सांगा," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांच्या मनातलं जाईल. आम्हालाही हे आनंदाने करायचं नाहीये. पण पुन्हा असं झालं तर आपण तोंड कुठे लपवायचं?"

वॉर्डन उभी राहिली. बसूनही बोलता आलं असतं. तिला आपले पाय लांब, दुसऱ्या कोणाचे तरी वाटले. भोंगा मान वर करून तिच्याकडे बघत होती, बोला बोला, असं डोळ्यांनी म्हणत. तिच्याकडे न बघता वॉर्डनने बाटल्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "कडी नव्हती." सचिव कागद लावत होता. "काय नव्हती?" "दाराला कडी लावलेली नव्हती. सुरी वगैरे मी खोटं सांगितलं. नुसता हात लावला आणि दार उघडलं. रविवारी दुपारी मी त्याच दाराशी उभी होते. आत आवाज येत होता. मला वाटलं, ती रडते आहे, रडू दे. मी परत गेले. ढकललं असतं तर उघडलं असतं." आणि थांबली तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून ती बोलतच राहिली, की कडीने कोणी मेलं नाही, कड्या राहू द्या, की पलंगाशेजारी हाताला येईल अशी घंटा बसवा, की जेवायला न आलेल्या बाईच्या दाराशी दोनदा टकटक करून परत जाणारं माणूस ठेवू नका, मी तसली होते, दुसरं ठेवा. "नियम माझा होता. चुकला तो माझा नियम. शिक्षा त्यांना नको."

सचिवाने पेनचं टोपण लावलं. अध्यक्षीणबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग म्हातारा झाला. त्या रागावतील असं वॉर्डनला वाटत होतं आणि त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी अगदी साधेपणाने, खरोखर न कळून, विचारलं, "पण मग तिने कडी का लावली नव्हती? तुम्हीच सांगायचात ना, ती तीन तीनदा बघायची?"

वॉर्डनच्या ओठांपर्यंत 'विसरली असेल' हे आलं. तिने तोंड उघडलं. पण उत्तर शेजारून आलं, आणि इतक्या खालच्या आवाजात, की ते भोंग्याचं आहे हे कळायलाही तिला वेळ लागला.

"शनिवारी कडीचा आवाज आलाच नाही," भोंगा म्हणाली. ती कोणाकडेच बघत नव्हती. "मी भिंतीवर थापसुद्धा मारली नाही. भांडण होतं ना. मला वाटलं, मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू लावली." मग तिने मांडीवरचे हात उलटे करून पाहिले. "बरं वाटत नसणार तिला. म्हणून उघडं ठेवलं. म्हणजे कोणीतरी येईल."

त्यानंतर जे झालं ते पटापट झालं. सचिवाने सुताराला फोन करून आज काम नाही म्हणून सांगितलं. काढलेली एक आहे ती परत बसव, असंही सांगितलं. घंटांचं बघू, असं ठरलं. पोलिसांना कळवावं लागेल, असं कोणीतरी म्हणालं आणि वॉर्डन हो म्हणाली. अध्यक्षीणबाई तिला दारापर्यंत सोडायला आल्या. तुम्हाला ठेवणं आता कठीण आहे, त्या म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत खोली वापरा, दुसरीकडे कुठे सोय होईल ना? वॉर्डन म्हणाली, बघते. तिला अजून भीती वाटत नव्हती. ती उद्या वाटणार होती, परवा जास्त. आता फक्त भोंगा कुठे आहे ते तिला बघायचं होतं.

भोंगा स्टॉपवर उभी होती. केस एका बाजूने सुटले होते. वॉर्डन तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलावं म्हणून तिने तिचं नाव घेतलं, भोंगा नव्हे, खरं नाव, जे हॉलमधल्या पहिल्या दिवसानंतर कोणी घेतलं नव्हतं. भोंग्याने मान हलवली, ऐकलं अशा अर्थाने, आणि रस्त्याकडे बघत राहिली. बस आली. दुपारची वेळ, बस जवळजवळ रिकामी होती. वॉर्डन आधी चढली, खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. भोंगा तिच्यावरून पुढे गेली आणि अगदी मागच्या बाकावर जाऊन बसली.